जीपच्या दाराचा आवाज

अण्णा, परवा हिंगोलीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मॅडम, झोपेत दात खाता का?" माझ्या दाढा झिजून सपाट झाल्यात म्हणे. "कसलं टेन्शन आहे का?" मी म्हणाले, "छे, मला काय धाड भरली?" शब्द तुमचे होते. शेजारी बसलेली माझी लेक हळूच म्हणाली, "मला विचारा ना. आई शाळेत शिकवून आली की चपला कशा काढते, त्यावरून मला कळतं." बाई हसल्या. मला हसता आलं नाही.

कारण माझंही लहानपण असंच गेलं. तुम्ही गोरेगाव ते हिंगोली जीप चालवायचात, आणि दिवेलागणीला त्या जीपचं दार कसं लागतं त्यावर आमचं घर चालायचं. हळू लागलं तर माय निवांत चहा टाकायची. जोरात लागलं तर नुसती माझ्याकडे बघायची. सातवीत असताना शाळेची सहल सिद्धेश्वरच्या धरणावर निघाली होती, तुम्हाला विचारायचं होतं. माय चुलीपुढून कुजबुजली, "आज नको इचारू, पोरी. दार लई जोरात लावलंय." दुसऱ्या दिवशीही तेच. सहल निघून गेली. तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं तेव्हा म्हणालात, "मले सांगितलं काहून न्हाई? मी काय वाघ हाये का?" माय हसली. हसणं तिला भागच होतं.

तुम्हाला खरंच कळत नव्हतं, आणि तेच मला माफ करता येत नाही. रस्त्यावरचे खड्डे, प्रवाशांची कटकट, पोलिसांच्या शिव्या, सगळं मानेत भरून तुम्ही घरी यायचात आणि कपाळाला रुमाल करकचून बांधायचात. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली तर म्हणालात, "टेन्शन मोठ्या लोकाईले असते. मले काय धाड भरली?" गोळी घेतलीच नाहीत. सेनगावच्या स्टँडवर, इंजिन चालू असताना, स्टिअरिंगवर कोसळलात. तुमच्या रागाचं माप आम्ही मायलेकी रोज घेत होतो. तुम्ही एकदाही घेतलं नाही.

आता मी माझं घेते आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मधूनमधून थांबून बघा, दात आवळलेत का, खांदे वर चढलेत का, श्वास अर्ध्यावर अडतोय का. फळ्याकडे वळले की बघते. बहुतेक वेळा दात आवळलेलेच असतात. काल लेक काहीतरी विचारायला आली. मी म्हणाले, "थांब जरा, मी आत्ता चिडलेय. तुझ्यावर नाही. चहा पिऊन बोलते." "बरं," म्हणाली आणि गेली खेळायला. एवढंच. अण्णा, एवढं एक वाक्य तुम्हाला जन्मात बोलता आलं नाही, आणि मायची उभी हयात कान लावून बसण्यात गेली.

हे मी मायला वाचून दाखवणार नाही. ती अजून तुमचीच बाजू घेते. "मानूस वाईट न्हवता," म्हणते. नव्हतात, मलाही ठाऊक आहे. पण तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा, रडू फुटायच्या आधी, क्षणभर मला हलकं वाटलं होतं. मायलाही तसं वाटलं का, हे तिला विचारायची माझी छाती अजून झालेली नाही.