उत्तम पराभूत

पूर्णगड, जि. रत्नागिरी

तीर्थस्वरूप खंडूमामांस, भाचा गुरुप्रसाद याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त बसूनच.) पोफळीला तुमची आणि मामीची तब्येत ठणठणीत असेल, तुमचा गुडघाही अधूनमधून तुमचं ऐकत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे सुखरूप आहेत, मी सोडून. मला धक्का बसला आहे. अंगाला बसला असता तर बाम तरी चोळला असता.

त्याचं असं झालं. आमच्याकडे मॉरिशसहून विनीत सखाराम नावाचे निवृत्त मास्तर पाहुणे आले. सखाराम हे आडनाव बरं का! पणजोबा सखाराम इथून उसाच्या मळ्यात कामाला गेले, आणि त्यांचं नाव तिकडे सगळ्या घराण्याला चिकटलं. मास्तर भाकरीबरोबर बांगडा खात त्यांच्या देशाचा कारभार सांगू लागले आणि माझा घास हातातच राहिला. बेट एवढंसं, पण माणसं हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, सगळी. लोकसभेत बोलायचं इंग्रजीत, चालतं फ्रेंचही, आणि बाहेर येऊन चहा प्यायचा तिथल्या क्रिओल बोलीत. राणीला रामराम करून प्रजासत्ताक झाले, राष्ट्रपती नेमला, पण कारभार पंतप्रधानाचा. हे सगळं एकवेळ समजलं. पण पुढे मास्तर म्हणाले, निवडणुकीत हरलेल्यांपैकी आठ जणांपर्यंत माणसं सभागृहात घेतात! त्यांना म्हणे ‘उत्तम पराभूत’ म्हणतात.

मामा, मी जेटी कमिटीला चार वेळा पडलोय. माझ्याइतका उत्तम पराभूत अख्ख्या तालुक्यात नाही. आणि माझा जन्म पूर्णगडात!

मी लगेच सभा बोलावली. तुम्हाला ठाऊकच आहे, कमिटीवर नेहमी आमच्या वरच्या वाडीची माणसं, त्यामुळे धक्क्याला आमच्या होड्या आणि खालच्या वाडीच्या होड्या कायम चिखलात. भांडणं तर रोजचीच. मास्तरांनी नियम समजावला (मी तेवढ्यात हार सांगायला गेलो होतो), मोहल्ल्यातले मुसलमान खूश, खालची वाडी खूश, ठराव पास. पाच जण निवडून, सहावी जागा पराभूताला. मास्तरच निवडणूक अधिकारी. तोवर माझ्यासकट उमेदवार सहाच होते, म्हणजे शेवटचा नंबर माझा हे गाव धरूनच चाललं होतं. आपल्या खाली कुणीतरी असावं म्हणून मी हौसाला उभी केली. (बायकोचा एवढा तरी उपयोग व्हावा, असं तेव्हा वाटलं.)

निकाल लागला. वरच्या वाडीचे तिघे, मोहल्ल्याचे दोघे. मला एकसष्ट मतं, हौसाला नऊ. मी हार घालून घ्यायला मान पुढे केली, तर मास्तर म्हणाले, “सहावे सदस्य, हौसाबाई!”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मास्तर शांतपणे म्हणाले, “जागा नुसत्या पराभूताला नाही. ज्यांची माणसं कमी निवडून आली, त्यांच्यातल्या पराभूताला. खालच्या वाडीचं कुणीच नाही.”

“अहो, पण ती नांदते वरच्या वाडीत!” मी ओरडलो.

तेव्हा समजलं, हौसाने अर्जात माहेरची, म्हणजे खालची वाडी लिहिली होती, म्हणूनच त्या वाडीने दुसरं कुणी उभं केलं नव्हतं. ती उठून म्हणाली, “मासळी खालच्या वाडीतून आणते, कालवण त्यांच्यासारखं करते आणि भांडतेही त्यांच्यासारखीच. विचारा यांना.” सगळी सभा माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या सकाळी तिने तिच्या भावाच्याच नव्हे, खालच्या वाडीच्या सगळ्या होड्यांना धक्क्याला पाळीने जागा लावून दिली. तिची भावजय येऊन तिच्या गळ्यात पडून रडली. मी कोपऱ्यात उभा होतो. खरं सांगू? डोळ्यात माझ्याही पाणी आलं, पण मी वारा आहे असं सांगितलं.

मामीला नमस्कार. थंडीत काळजी घ्या.

तुमचा भाचा,
गुरुप्रसाद

ता. क. : माझी आई तुमची सख्खी बहीण, म्हणजे खालच्या वाडीचीच. तुम्ही पोफळीला जायच्या आधी, लहानपणी मी निम्मा तुमच्याच तिथल्या पडवीत वाढलो, एवढं सभेत येऊन सांगाल का? एसटीने या, मी स्टँडवर येतो.

ता. क. दुसरं : हौसाने पत्र वाचलं. ती म्हणते, मामांनी जरूर यावं, त्यांना अध्यक्ष करू. कारभार ती बघेल, तुम्ही फक्त सही करायची. मी विचारलं, मग मी कोण? तर म्हणाली, विरोधी पक्षनेता. बसा आणि बोलत राहा.