भिंगरीचं चित्र

२ मार्च

आले एकदाची! सामान अजून गोण्यांत आहे, पण खोली बघूनच मी खूश झाले. उत्तरेला भिंतभर खिडकी. रंगवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? उजेड दिवसभर सारखा, डोळ्यांवर येत नाही की ओल्या रंगावर चमकत नाही. शिवाय लेकीचं घर चालत जाण्याइतकं जवळ. जावईबापूंनी 'आमच्याकडेच राहा' म्हणून फार आग्रह केला. मी म्हटलं, सासू आणि टर्पेंटाइन, दोन्हींचा वास लांबूनच बरा. बिचारे हसले, पण त्यांच्या जिवात जीव आलेला मला दिसला.

जन्मभर नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडे, जंगलं, तुरुंग, चौक. लोक पुढे उभ्या असलेल्यांकडे बघायचे, मागच्या पडद्याकडे कोण बघतंय! आता पहिल्यांदा एकाच माणसासाठी एकच चित्र काढणार आहे. महिनाअखेरीस लेकीला तीस पूर्ण होतील. तिच्या नव्या घरात सोफ्याच्या वरची भिंत मोकळी आहे. काय हवं विचारलं तर म्हणाली, "आई, तूच काढ काहीतरी. मोठ्ठं काढ." तिला कुठे माहीत, मी तिलाच काढणार आहे. समोर बसवून घ्यायची सोय नाही, लहानपणापासून ती एका जागी टिकत नाही. म्हणून तर घरात सगळे तिला भिंगरी म्हणतो. पण तिला बघायला मला ती समोर कशाला हवी!

५ मार्च

आज लॉटरीच लागली. कपाट सरकवलं तर मागे ताणून बसवलेला मोठा कॅनव्हास. चौकट शिसवी, कोपरे घट्ट, वरून पांढरा रंग दिलेला. मालकीणबाई खाली राहतात. त्यांना विचारलं, तर आधीच्या भाडेकरूचा आहे म्हणाल्या, लाकूड चांगलं म्हणून टाकवला नाही, हवा तर घ्या. एवढं बोलून पोळी करपतेय म्हणत आत गेल्या. मला तर काही वास आला नाही.

पांढरा रंग जरा उंचसखल लागलाय. खाली जुनं काहीतरी आहे. असू दे. आम्ही पडदेवाले नवं कापड कधी घेतच नसू. राजवाड्यावर पांढरा हात दिला की जंगल, जंगलावर दिला की तुरुंग. खाली काय होतं ते कोणी बघायला जात नाही. खरं तर घासून घ्यायला हवा होता. पण हात शिवशिवत होते, लगेच कोळशाने तिची आकृती टाकली.

१० मार्च

झकास चाललंय. भिंगरी खिडकीपाशी उभी, निळा सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. जनावरांची डॉक्टर आहे, तिच्या बाह्या कधी खाली नसतात. मान जरा तिरकी, आता काहीतरी खोडी काढणार अशी. उजवीकडे थोडी मोकळी जागा सोडली आहे. का सोडली ते माहीत नाही, हातालाच तसं वाटलं.

डोळे अजून कोरे आहेत. माझी पद्धतच ती, डोळे शेवटी. एकदा डोळे भरले की ते माणूस आपल्याकडे बघायला लागतं, मग त्याच्यावर ब्रश चालवायला जीव होत नाही.

१३ मार्च

सकाळी तिच्या उजव्या खांद्यामागे डाग दिसला. दुपारपर्यंत त्याची चार बोटं झाली. खालचं जुनं चित्र वर येतंय, बाकी काही नाही. तेलरंगात असं होतं. केला आळस, आता निस्तरा बाईसाहेब!

रंगाच्या बोथट सुरीने बोटं खरवडून काढली. रंग ओला होता, सुरी जरा घसरली आणि तिच्या कानाचाही टवका गेला. तो नीट केला.

संध्याकाळी तिचा फोन. तपासताना कुत्र्याने कान फाडला. टाके पडलेत आणि ही फोनवर हसतेय! म्हणे, "कुत्र्याची काही चूक नाही गं, मीच वाकले." मला चांगलाच राग आला, कुत्र्याचा आणि तिचाही.

१७ मार्च

हात परत आलाय. आता मनगटासकट, वर राखाडी बाही. आणि मागे नाही, थेट तिच्या खांद्यावर. नखं तुटकी, म्हातारी. पुरुषाचा हात.

आज चिडून खरवडला. माझी सुरी तिच्या दंडावरून गेली, लांबच लांब चर पडला. खालून तपकिरी तांबडं काहीतरी निघालं.

जेवायच्या वेळी जावयाचा फोन, कामाच्या गावाहून. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची काच तिच्या अंगावर फुटली. दंड खांद्यापासून कोपरापर्यंत चिरला, हाड दिसत होतं. तोच दंड.

योगायोग आहे. असतात योगायोग. मी म्हातारी झालेय आणि एकटी राहतेय, एवढंच.

२० मार्च

आज मी जावयाला मारलं.

लेकीकडे गेले तर तिने गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. एवढ्या उकाड्यात! ओढली. गळ्यावर काळीनिळी बोटं उठली होती, अंगठा पुढे, चार मागे. तेवढ्यात जावई हात पुसत आतून आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाराशी लाकडी मुठीची छत्री होती. पहिला फटका भुवईवर बसला. रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली. तो खाली पडला तरी मी मारत होते. लेक मध्ये पडली, तिलाही एक बसला. ती किंचाळत होती, "आई, थांब! तो आत्ता आलाय गावाहून! आत्ता!"

चार दिवस तो इथे नव्हताच. वळ कालचे. दंडाला पट्टी असूनही ती काल दवाखान्यात गेली होती, तिथे दोन मदतनिसांसमोर तिचा श्वास कोंडला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वळ उमटले. जवळ कोणी नव्हतं.

तो भुवई दाबून बसला होता. तरी माझा चष्मा पुसून त्याने माझ्या हातात दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले. चित्रातला खरवडलेला हात परत आलाय, पण आता खांद्यावर नाही. गळ्यावर आहे. अंगठा पुढे, चार मागे.

२१ मार्च

राखाडी बाहीच्या वर चेहरा आलाय. माझ्याच वयाचा. दात आवळलेले. त्याचे डोळे भरलेले आहेत.

तो तिच्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो.

मालकीणबाईंना हाताला धरून वर आणलं. चित्र बघून त्यांनी पाठ फिरवली. मग बोलल्या. आधीचा भाडेकरू हाच. मुलासाठी चित्र काढत होता, भेट म्हणून. स्वतः आणि शेजारी मुलगा, मुलाच्या खांद्यावर हात. मुलगा बघायला आला, मोठ्याने हसला. म्हणाला, हे असलं माझ्या घरात लावणार नाही. बापाने त्याला इथेच, या खिडकीपाशी, गळा दाबून मारलं. पोलीस येईपर्यंत चित्रावर पांढरा रंग देत बसला होता. पुढे कोठडीत डोकं भिंतीवर आपटून मेला.

मुलगा उभा होता नेमकी तिथेच मी माझ्या भिंगरीला उभी केली.

त्या रडत म्हणाल्या, पुन्हा पांढरा देऊन टाकते, माझ्याकडे डबा आहे. मी त्यांना खाली घालवलं.

२३ मार्च

सुरी दोन्ही हातांनी धरली. नेम धरून त्याच्या मनगटात खुपसली. पिळली. बोटं उघडली. मी पाहिलं, उघडली!

पण बोटांखाली तिचाच गळा होता. हे मला कळायला नको?

इस्पितळात आहे ती. गळ्याखाली आरपार जखम. डॉक्टर विचारत होते, बोथट पात्याचं काय होतं घरात? जावई म्हणाला, काहीच नव्हतं, आम्ही चहा पीत होतो. कप तिच्या हातातच होता. रक्ताने भरला.

माझ्या हातांना अजून लाल रंग आहे. रंगच आहे.

२४ मार्च

हात पुन्हा गळ्यावर.

जाळायचं? ती जळेल. फाडायचं? ती—

कळलं आता. त्याला जे करते ते तिला होतं. तो तिला धरून आहे म्हणून.

२५ मार्च

चित्रातल्या तिला थोडासा पांढरा लावून बघितला. फक्त सदऱ्याच्या खालच्या काठाला. मग पोटापर्यंत. मग छातीपर्यंत. झाकली तर त्याला सापडणार नाही असं वाटलं.

जावयाचा फोन, ओरडत होता. तिचा श्वास बंद पडलाय, पांढरीफटक पडलीये. मी हाताने पुसला, पदराने पुसला, टर्पेंटाइन ओतलं. श्वास आला. कातडी सोलली गेली तिची, पोटापासून वर.

पांढऱ्याखाली श्वास घेता येत नाही. तो मुलगाही खालीच आहे का? अजून?

देवा, मी आई आहे की कोण आहे!

२६ मार्च

एकच उरलंय. दोघांच्या मध्ये थोडी जागा आहे. ती उजवीकडची. हाताने सोडलेली.

तिथे मला काढते. बाजूने उभी, तोंड त्याच्याकडे. बाजूने म्हणजे एकच डोळा, काम कमी. स्वतःचा चेहरा कधी काढला नव्हता. नाक भिंगरीसारखंच आहे, आज कळलं.

जावयाला फोन केला. माफी मागितली. म्हणाला, आई, तुमच्या जागी मी असतो तरी मारलं असतं. गुणी आहे पोरगा.

चित्रातल्या म्हाताऱ्याचा हात हलतोय. ब्रश लागला की थरथरतो. आवडत नाहीये त्याला.

२७ मार्च

खांदे झाले. पाठ झाली. पाठ तिच्या बाजूला, तिला झाकेल एवढी रुंद केली. कधी नव्हे ते जाडी असल्याचं बरं वाटलं.

डोळा राहिलाय.

—भरला.

सोडलं! त्याने तिला सोडलं! फोन आला. ती उठून बसली, पाणी मागितलं, आई कुठेय विचारलं. भिंगरी माझी—

आता मला धरलंय. खुर्चीत बसलेय, जवळ कोणी नाही, पण अंगठा पुढे, चार मागे. नखं रुततात. चित्रातल्या मीही त्याचा गळा धरलाय. मी तसा काढला नव्हता. सोडणार नाही मेल्याला.

रक्त येतंय तोंडातून. वहीवर—

भिंगरे, ऐक. तुझे डोळे राहिले बघ. राहू देत. चित्र घरी नेऊ नकोस. जाळू नकोस, खरवडू नकोस. मी मध्ये आहे तोवर तो तुझ्यापर्यंत—

जिन्यात कोण? मालकीणबाई. डब्याची कडी वाजतेय. बाई, नको. हाक फुटत नाही. दार उघडंच आहे माझं. त्यांना वाटतंय मी झोपलेय, माझ्याकडे बघत पण नाहीयेत. डबा उघडला. बाई, तिला नका झाकू, निदान तिला, पांढरा नको, खाली श्वास—