बंद शाळेतली हजेरी

सोमवार, १५ मार्च २०२१

आले एकदाची! दादाच्या मोटारसायकलवर मागं माझी पेटी, पुढं आमच्या मळ्यातल्या वांग्यांची थैली आणि मधे अंग चोरून मी. नाचणगावहून निघालो तेव्हा गार होतं. आष्टी मागं पडेपर्यंत ऊन चांगलंच चढलं, पण रस्त्याकडेचा पळस असा फुलला होता की उन्हाचा राग येईना.

नेमणूक विज्ञान शिक्षिकेची, आणि शाळा बंद. फेब्रुवारीपासून मुलं घरीच. शाळा गावाबाहेर, संत्र्याच्या बागांना लागून. मुख्याध्यापक मधुकरराव सर स्वतः फाटकापर्यंत आले. कपाळापुढं तापमापक धरला आणि हसून म्हणाले की आमच्या शाळेत आजवर एकालाही काही झालेलं नाही, तुम्हीही तब्येत सांभाळा. आवारातच मला खोली दिली आहे. शेजारच्या खोलीत शिपाईबाई मंदाबाई राहतात. त्यांनी वांग्याची भाजी इतकी झणझणीत केली की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोनदा वाढून घेतली.

जाताना दादा म्हणाला, काहीही वाटलं तरी फोन करजो. धर्मेंद्रदादा आहे म्हणून मला कशाची भीती नाही.

गुरुवार, १८ मार्च

काम अकरा ते पाच. पालकांना फोन करायचे, स्वाध्याय व्हॉट्सअॅपवर टाकायचे. आठवीच्या बावन्न मुलांपैकी एकोणीस घरांत असा फोन आहे, तोही बाप शेतावर घेऊन जातो. रिकामे वर्ग बघवत नाहीत. फळ्यावर अजून फेब्रुवारीतली तारीख आहे आणि खाली कुणाची तरी अर्धी आकृती.

निम्म्याच कर्मचाऱ्यांना बोलवायचा आदेश आहे. पण सर सगळ्यांना रोज बोलावतात. विचारलं, तर म्हणाले की गावानं फुकटखाऊ म्हणू नये. ते मेअखेर निवृत्त होतात. नोकरीला डाग नको म्हणून जपत असावेत. गणिताच्या चंद्रभान सरांची सही मस्टरवर रोज असते, माणूस मात्र अजून दिसला नाही. ते सकाळी लवकर येऊन जातात म्हणे.

बुधवार, २४ मार्च

आज अकराच्या सुमारास प्रयोगशाळेतून आवाज आला. प्रयोगशाळेला बाहेरून कुलूप आहे. आत कोणीतरी हजेरी घेत होतं. एक नाव, मग थोडी शांतता, जशी उत्तराची वाट पाहत असावं. मग पुढचं नाव.

मी धावत मंदाबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिकडं नोका जाऊ म्याडम. त्या खोलीत दोनदा साप निंगाला."

साप हजेरी घेतो का, असं विचारावंसं वाटलं. त्यांचा चेहरा पाहून विचारलं नाही.

शुक्रवार, २६ मार्च

पुन्हा तेच. या वेळी मी आठवीचा पट हातात घेऊन भिंतीशी उभी राहिले. नावं पटाच्या क्रमानंच येत होती. एकतिसाव्या नावावर खोकला सुरू झाला, आणि थांबेचना.

मंदाबाई गिरणीत गेल्या होत्या. किल्ली त्यांच्या खोलीत खिळ्याला होती.

आत चंद्रभान सर होते. जोडलेल्या दोन टेबलांवर सतरंजी, त्यावर ते. ओठ फुटलेले, डोळे छताला. मी पाणी पाजलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं की मुलं काऊन बोलत नाहीत. तोंडाला रुमाल बांधायचं भानही मला राहिलं नव्हतं.

मधुकरराव सरांना फोन केला. ते आले आणि खुर्चीत बसून रडले. म्हणाले की आजार शाळेत आहे हे कळलं असतं तर गावानं इथं राहू दिलं नसतं, आणि सगळ्यांना बोलावल्याबद्दल निलंबनही झालं असतं. सकाळी गाडी आणून सरांना सावंगीच्या दवाखान्यात नेतो, असं त्यांनी मुलांची शपथ घेऊन सांगितलं. माझ्याकडून फक्त एक दिवस मागितला.

मी दिला.

शनिवार, २७ मार्च

प्रयोगशाळा रिकामी. फरशी फिनाईलनं धुतलेली. मधुकरराव सर म्हणाले, पहाटेच नेलं, सुधारतील. मंदाबाईंनी मला पुरणाची पोळी दिली. होळी उद्या असताना आजच का केली कुणास ठाऊक. खाववली नाही.

मंगळवार, ३० मार्च

चंद्रभान सरांच्या पत्नीचा, शकुबाईंचा, शाळेत फोन आला. तो मी उचलला. त्या म्हणाल्या की हेडमास्तर सांगतात सर तपासणी नाक्यावर ड्युटीला आहेत, फोन काऊन उचलत नाहीत मग?

सावंगीला फोन केला. त्या नावाचा रुग्ण तिथं नाही. आलाच नव्हता.

अंग तापलं आहे. कॉफीला वास नाही.

दादाला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. उद्या तहसीलदारांकडे जाणार हेही सांगितलं. म्हटलं, मला ताप आहे, न्यायला ये. त्यानं आधी ताप किती आहे ते विचारलं. मग म्हणाला की येतो, तोवर कुणाला काही सांगू नको.

बुधवार, ३१ मार्च

दार बाहेरून लावलं आहे. माझी खोली नव्हे, प्रयोगशाळा. सकाळी चक्कर आली तेव्हा मंदाबाईंनी खांद्याला धरून चालवलं. मला वाटलं, गाडीकडे नेत आहेत.

फोन त्यांच्याकडे आहे. वही ओढणीत होती म्हणून राहिली.

ओरडले. फार नाही ओरडता येत.

गुरुवार, १ एप्रिल

मंदाबाईंनी खिडकीच्या गजांतून वरणभात सरकवला. मी म्हटलं, माझा भाऊ येतोय, तुम्हाला सोडणार नाही. त्या तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, "तुह्या भावानंच फोन केलता सरांले, माय. तू तहसीलात जानार हे त्यानंच सांगतलं. म्हने घरात महिन्याभराचं लेकरू हाये, तिले इकडं नोका धाडू. तिथंच ठेवा."

खोटं. दादा असं—

सर जे बोलतात तेच मंदाबाई बोलते.

पण तहसीलदारांचं मी फक्त दादालाच सांगितलं होतं.

शुक्रवार, २

श्वास अर्धाच येतो. रसायनांच्या कपाटामागं एक दार आहे. सामानाची खोली. दाराखालून माश्या येतात. आधी एकदोन— आता पुष्कळ. फिनाईलनंही जात नाही तो वास. ऊन वाढलं की—

चंद्रभान सरांना कुठंच नेलं नाही.

मंदाबाईला विचारलं. ती पदरात तोंड घालून म्हणाली, "नाक्यावर पोलीस हायत. नेऊ तरी कसं वं?"

ताट तसंच ठेवलं.

शनिवार

दुपार. मोटारसायकल. आवाज ओळखला. आमचीच.

गजांना धरून उभी आहे, कागद भिंतीला टेकवून लिहिते. दादा फाटकाबाहेर. मंजुषावहिनीनं दिली असेल, हातात कपड्यांची थैली. सर त्याच्याशी लांबून बोलत आहेत. त्यानं थैली फाटकाला अडकवली.

दादा— हाक मारली. आवाज नाही, नुसता खोकला. थाळी आपटली गजांवर. पुन्हा. पुन्हा—

बघितलं. त्यानं बघितलं! सरळ माझ्याकडे. रडतोय. सर बाजूला झाले, कुणी अडवत नाही त्याला, फाटक उघडंच आहे, दादा ये ना— वीस पावलं—

चपला काढल्या त्यानं. फाटकाबाहेरच. वाकून मातीला हात लावला.

हात जोडले. मला.

असे तर आपण तिरडीपुढं— दादा, असे हात कुणाला— मी अजून