वीस मिनिटांची अट

दि. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी घुमी सुखरूप पोहोचली. बॅग एक, बूट तीन जोड आणि बोललेले शब्द अंदाजे पाच. आमच्या भिंगरीने स्टँडपासून घरापर्यंत तिच्या वाटणीचंही बोलून घेतलं. दोघी एकाच खोलीत राहतात. वयात चार महिन्यांचं अंतर, पण एक दिवसभर भिरभिरते आणि दुसरी खोलीत आहे की नाही हे डोकावून बघावं लागतं.

तुझी अट मी दुकानात टेबलाच्या काचेखाली लावून ठेवली आहे. हंगाम संपेपर्यंत एका तरी सामन्यात घुमी वीस मिनिटं खेळली पाहिजे, म्हणजे चाळीसातली निम्मी. नाही तर बास्केटबॉल पुरे, मुकाट्याने घरी यायचं आणि तुझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं. ऐकायला सोपं आहे. पण भानगड अशी, की दोघीही गार्ड. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणारी. प्रशिक्षक बाईंचा हट्ट, की हे काम एका वेळी एकीनेच करायचं. म्हणजे एकीची मिनिटं वाढली की दुसरीची कापली! काल पहिला सामना झाला. भिंगरी चौतीस, घुमी सहा.

मिनिटं चुकली असतील अशी शंका आणू नकोस. सामन्याचं घड्याळ माझ्याच हातात असतं. शिट्टी वाजली की थांबवायचं, चेंडू हातात पडला की सुरू करायचं. एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, आजवर एक सेकंद इकडचा तिकडे झालेला नाही.

कळावे. लोभ आहेच, तो भाचीच्या मिनिटांवर कमीजास्त करू नये.

तुझा,
भाऊ


दि. १३ ऑगस्ट

चि. टिकटिक्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून लेखी मागते. चौतीस आणि सहा! घड्याळ बापाच्या हातात आणि मुलीला चौतीस. मी काही म्हणत नाही बाबा, लोक म्हणतील.

खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून तर आकड्यात अट घातली. नंबर काढण्यात जन्म गेला, आकडा तेवढा कळतो. अरे, पोरगी कोणात मिसळत नाही, घरात कोपरा धरून बसते. तिथे जाऊन काही वेगळं होईल म्हणून पाठवली. तिथेही बाकावरच बसायचं असेल, तर बसायला माझं दुकान काय वाईट? सुताराकडे तिच्या उंचीचं स्टूल करायला टाकलंय, गादीचं.

तुझ्या पत्रातल्या ओळी वर चढल्यात. नंबर वाढला असणार, तपासून घे. भिंगरीला सांग, आत्या रागावलेली नाही. रागावली आहे, पण तसं सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी ताई


दि. ९ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न.

मी बरी आहे. मामी जेवायला जास्त वाढते. बाकही बरा आहे, तिथून सगळं मैदान दिसतं. काल नऊ मिनिटं मिळाली. भिंगरी डावीकडे वळायच्या आधी उजवा खांदा पाडते, हे तिचं तिलाच माहीत नाही.

स्टुलाची घाई करू नकोस.

तुझी,
घुमी


दि. २२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोघींची प्रगती शेजारी शेजारी ठेवून लिही म्हणालीस. एकीचा बाप आणि दुसरीचा मामा असल्याचं विसरून लिहितो.

भिंगरी ऑगस्टमध्ये चेंडू घेऊन सुटली की तिघींना चुकवायची आणि चौथीच्या अंगावर जाऊन आदळायची. आता चौथीलाही चुकवते, पण तोवर बास्केट मागे राहिलेलं असतं. डावा हात झकास सुधारलाय. चेंडू दुसऱ्यांनाही द्यायचा असतो, ही बातमी मात्र अजून तिच्यापर्यंत पोहोचायची आहे. तुझी घुमी ऑगस्टमध्ये चेंडू मिळाल्या मिळाल्या कोणाच्या तरी गळ्यात मारायची, चटका बसल्यासारखी. आता धरते, थांबते, बघते. कधी कधी इतकं बघते की पंच शिट्टी मारून चेंडू काढून घेतात! सहा, नऊ, अकरा, चौदा. चौदाच्या पुढे काटा हलत नाही. आणि आता एकच सामना उरलाय, अंतिम.

घरात निराळाच तमाशा. पक्षपात नको म्हणून मी जेवताना फक्त घुमीचं कौतुक करतो. परवा भिंगरीने तोंड फुगवलं, म्हणाली की तुम्ही माझे बाबा आहात हे मला लोकांकडून कळतं. तुझ्या भावजयीचं म्हणणं, सारखं वागवायचं तर दोघींवर सारखे ओरडा. त्या दोघी मात्र रोज सकाळी एकाच चेंडूवर सराव करतात आणि घामाघूम होऊन भांडत घरी येतात.

खरं सांगू ताई? पोरगी परत गेली तर मला करमायचं नाही. दुपारी दुकानात येऊन समोर बसते, मी स्क्रू शोधायला लागलो की न बोलता बोट दाखवते. अट चौदावर आणता येईल का, बघ.

लोभ वाढवावा, अट घटवावी.

तुझा,
भाऊ


दि. २९ ऑक्टोबर

चि. टिकटिक्यास,
अनेक आशीर्वाद.

अट ती अट. उद्या कोणी म्हणेल, वरची चार अक्षरं वाचली, खालची सोडून द्या, तर मी चष्मा देऊ का? आणि मला काय हौस आहे रे? बाकावर बसून पोरीची वर्षं जायला नकोत, एवढंच माझं म्हणणं. ती स्वतः तर तक्रार करणार नाही, मग मीच आकडा धरून बसले.

स्टूल आलं. छान झालंय. दुकानात ठेवलंय, पण त्यावर कोणाला बसू देत नाही. स्वतःही बसत नाही.

अंतिम सामन्याचं लगेच कळव. खरं तेच.

तुझी ताई


दि. १० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपण नऊ गुणांनी जिंकलो. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

उत्तरार्धात कर्णधाराचा पाय मुरगळला. बाईंकडे दुसरं कोणी उरलंच नाही, तेव्हा नाक मुरडत त्यांनी भिंगरी आणि घुमीला एकदम मैदानात ठेवलं. सामना संपायला चार मिनिटं होती. चेंडू बाहेर गेलेला, घड्याळ थांबलेलं. चेंडू आत आला, घुमीच्या हातात पडला. भिंगरी तिघींच्या घोळक्यात अडकलेली. आणि तुझ्या लेकीने तिच्याकडे न बघता रिकाम्या कोपऱ्यात चेंडू फेकला! म्हटलं, गेला. तेवढ्यात भिंगरीचा उजवा खांदा पडला, ती डावीकडे सुटली, कोपऱ्यात पोहोचली तर चेंडू समोर हजर. बास्केट! सामना संपता संपता पुन्हा तेच. तीन महिने बाकावर बसून पोरगी काय करत होती ते मला तेव्हा कळलं.

पहिल्या बास्केटला मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो. शेजारी गुण लिहिणाऱ्या मास्तरांनी कोपर मारलं, तेव्हा लक्षात आलं की दोन्ही हात वर आहेत आणि मी घड्याळ सुरूच केलेलं नाही. पंचांनी खेळ थांबवून विचारलं, किती वेळ गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हणालो, माहीत नाही. कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून घड्याळ होतं तिथूनच पुढे चालू केलं.

आता ऐक. वहीप्रमाणे घुमी एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद खेळली. वीस सेकंद कमी. मी विसरलो तो वेळ धरला तर वीस भरतही असतील. मास्तर म्हणतात, फार तर पंधरा सेकंद गेले. भिंगरी म्हणते, अख्खं मिनिट गेलं आणि आत्यासमोर शपथेवर सांगते. घुमीला विचारलं तर म्हणाली, मी चेंडूकडे बघत होते, मामा, तुम्ही एकोणीस-चाळीसच लिहा. म्हणून तेच लिहिलं. तिने बॅग भरून दुकानाच्या दाराशी ठेवली आहे. भिंगरी रोज ती रिकामी करते, घुमी पुन्हा भरते, आणि गिऱ्हाईक अडखळतं.

पुढच्या वर्षी मला घड्याळ देणार नाहीत. गुणफलकाचे आकडे उलटायला ठेवणार आहेत.

तू म्हणशील तसं. लोभ मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


दि. १६ नोव्हेंबर

चि. टिकटिक्यास,
अनेक आशीर्वाद.

एकोणीस-चाळीस म्हणजे वीस नव्हे. पोरगी अटीत नापास. हे तिलाही वाचून दाखव, खोटं लिहू दिलं नाही म्हणून शाबासकी दे.

आता दुसरं. लहानपणी मी झाडावरून पडले, तेव्हा तू आधी किती वाजले ते पाहिलंस आणि मग रडलास. तोच तू घड्याळ विसरून नाचलास? जिने तुला ते विसरायला लावलं, तिला काउंटरवर बसवून काचा पुसायला लावू? माझी छाती नाही रे होत. पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा ओला झाला म्हणून थांबले. बॅग दारातून उचल. या वेळी भिंगरीने रिकामी केली की तशीच राहू दे. आणि जेवताना भिंगरीचंही कौतुक कर, पोरगी धावली नसती तर तो चेंडू कोपऱ्यात पडून राहिला असता.

एक मात्र पटत नाही. न बघता कसा फेकला? बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतेय, न बघता काही होत नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला मी स्वतः येऊन बघते. दुकान त्या दिवशी बंद. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तुम्हा सगळ्यांवर माया आहे, मोजत बसू नये.

तुझी ताई

ता. क. तुमच्या मैदानात बसायला नुसत्या फळ्या असतात म्हणे. माझी कंबर धरते. स्टूल घेऊन येते.