दोन पेट्या आणि एक मामा

मु. पो. वडनेर भोलजी
दिवाळीच्या अलीकडचा मंगळवार

चि. पंजाब यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे मी खुशाल आहे, म्हणजे गुडघा सोडून बाकीचा खुशाल आहे. पुण्यात थंडी पडली का, खानावळवाला पोळ्या अजून कच्च्याच वाढतो का, आणि साहेबांनी तुझ्या शोधाकडे एकदा तरी मान वर करून पाहिले का, ते सवडीने कळव. (सवडीने म्हणजे पुढच्या वर्षी नव्हे. पोस्टात मी जन्मभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले आहेत, तेव्हा पत्र न लिहिण्याच्या सगळ्या सबबी मला पाठ आहेत.) खेड्यातल्या तारांवर तुझ्या बोलक्या पेट्या कशा चालतात, याचा अहवाल तू मागितला होतास. तो उशिरा पाठवतो आहे, कारण मधल्या काळात माझी अब्रू गेली.

विजेच्या तारेतूनच आवाज जातो, निराळी तार ओढावी लागत नाही, बटण दाबून बोलायचे आणि सोडून ऐकायचे, हे तू समजावलेस तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला. पण एवढी इंजिनियरिंग शिकूनही तुझ्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. पेट्या दोन आणि घरात माणूस एक. मी एक पेटी ओसरीत लावली, दुसरी स्वयंपाकघरात. ओसरीत बटण दाबून 'मी भगवंत बोलतो' म्हणायचे आणि ऐकायला आत पळायचे, असे करून पाहिले. आत पोचेपर्यंत भगवंत बोलून गेलेला असे. शेवटी बटणावर अडकित्ता ठेवला, पेटीपुढे गजराचे घड्याळ ठेवले आणि आत चुलीपाशी जाऊन बसलो. आपल्याच घड्याळाची टिकटिक आपल्याच घरात बराच वेळ ऐकली. यंत्र उत्तम चालते, असे त्याच दिवशी लिहिणार होतो, पण का कोण जाणे, लिहावेसे वाटले नाही.

मग दुसरी पेटी समोरच्या कडूबाच्या पिठाच्या गिरणीत दिली. त्याची गिरणी आणि आपले घर एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या एकाच रोहित्रावर आहे. (डीपी ओलांडून आवाज जात नाही, हे तुझे वाक्य मी विसरलेलो नाही.) दळण झाले की त्याने मला हाक मारावी, एवढाच बेत होता. पण गिरणी सुरू असली की तिच्या मोटरीचा खरखराट तारेतूनच येई, बटण न दाबताही माझ्या पेटीतून दिवसभर नुसती घरघर. वीज गेली की तेवढी शांतता. वैतागून पेटी काढणारच होतो, तेवढ्यात खंडेनवमी आली. तुझी मामी त्या दिवशी घरातल्या विळी-पावशीपासून तुझ्या सायकलच्या पंपापर्यंत सगळ्यांची पूजा करायची, हे तुला आठवत असेल. ती गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. मी पेटीलाही हळदकुंकू वाहिले, झेंडू चढवला आणि नारळ तिच्यासमोरच फोडला. पाणी थोडे आत गेले असावे. दुसऱ्या दिवसापासून घरघर बंद. मला वाटले, पूजेचा गुण आला.

त्यानंतर गावाला माझी फार माया आली. संध्याकाळी दिवा लावला की मी तुझ्या मामीच्या, कोकिळेच्या फोटोशी चार शब्द बोलतो. (तू हसू नकोस. भिंतीशी बोलण्यापेक्षा ते बरे.) एकदा तिला म्हटले, शेंगदाणे संपले. सकाळी शेजारची अंबूबाई ओंजळभर दाणे घेऊन दारात हजर. गुडघ्याचे गाऱ्हाणे सांगितले, तर पुष्पाबाईने निर्गुडीचे तेल पाठवले. सदऱ्याची गुंडी तुटल्याचे सांगितले, तर कडूबाची बायको सुईदोरा घेऊन आली. पंजाब, तुला खरे सांगतो, मला वाटू लागले की कोकिळा ऐकते आहे आणि तिकडून व्यवस्था लावते आहे. मी फोटोचा हार रोज बदलू लागलो. जेवणही दोन घास जास्त जाऊ लागले.

मग एके दिवशी वच्छलाबाई पदर खोचून आली. "काऊन हो मास्तर, माह्या जवसाच्या चटणीत मीठ जास्त झालं म्हणता? तोंडावर तं बोटं चाटून राह्यले होते." हे मी फक्त फोटोला सांगितले होते. क्षणभर मला कोकिळेचाच राग आला, की बाई, ही गोष्ट तू कशाला सांगितलीस? मग वच्छलाबाईचे बोट पेटीकडे गेले. कुंकू आणि नारळपाणी यांचा असा लगदा झाला होता की बोलायचे बटण आत चिकटूनच बसले होते. गिरणीचा पट्टा थांबला की कट्ट्यावरच्या बायकांना माझा संसार ऐकू येत होता. मी कुणाला काय म्हटले ते आठवत रात्र काढली. त्यात तूही आहेस. 'आपला पंजाब गेल्या दिवाळीला आला, पण चहा पितानाही घड्याळाकडेच पाहत होता', हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

लाजेने मी पेटी काढून ठेवली. फोटोपुढे बसलो, पण तोंड उघडेना. आता कळले होते ना, की ती ऐकत नव्हती. आणि दाणे अंबूबाईचेच होते. दोन वर्षांपूर्वी तिला नेले तेव्हा घर जेवढे रिकामे वाटले, तेवढेच पुन्हा वाटले. दोन दिवसांनी कडूबा आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी हाये ना? तुमी बोल्ले नाही तं बाया दळण घेऊन घरी जाऊन नाही राह्यल्या." त्याच्यादेखतच मी पेटी परत लावली. आता घसा खाकरून बोलतो आणि वच्छलाबाईच्या चटणीची स्तुती करतो. अहवाल संपला.

तुझा मामा,
भगवंत

ता. क. शोधातला मुख्य दोष लिहायचा राहिला. बोललेले जाते, पण पलीकडचे मला ऐकू येत नाही. तरी बटण दुरुस्त करायचे सामान पाठवू नकोस. कट्ट्यावरच्या बायका मला उत्तर द्यायला चालत येतात.

ता. क. दुसरा. पुण्याची डीपी वेगळी आहे, हे मला समजते. म्हणून हे पत्र. तू या दिवाळीला चांगला चार दिवस राहायला येणार आहेस, असे काल मी तुझ्या मामीला सांगून बसलो आहे. गिरणी बंद होती, सगळ्यांनी ऐकले. वच्छलाबाईने तुझ्या नावाची चकलीची भाजणी आज दळून नेली. आता मला गावात खोटा पाडू नकोस.