चिकटलेल्या दोन तारा

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, प्रयोगशाळेतून निवृत्त. डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. दाब हाच माझा जन्मभराचा धंदा. हे लिहिताना मात्र माझ्यावर तो कोणाचाही नाही. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट आणि खाली नाव न घेतलेलं जे उरेल ते थोरल्या ताईला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तिला माहीत आहे. दर भेटीत ऐकवते.

२. माझा दाबाचा साचा, म्हणजे स्फटिक दाबायचं हिऱ्यांचं उपकरण, प्रयोगशाळेतल्या विभागाला. विभागप्रमुखांनी माझं सूक्ष्मदर्शक न विचारता नेलं, तेही तिथेच राहू द्या. माफ केलेलं नाही.

३. निळी वही चिमटीला. ती माझी विद्यार्थिनी. केसाहून पातळ स्फटिक चिमट्याने अलगद उचलायची, म्हणून हे नाव.

आमचा स्फटिक पापुद्र्यांचा. थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन ठरावीक जागा धरून बसतात. दोन हिऱ्यांमध्ये दाबला की ती शिस्त मोडेल आणि वीज विनारोध वाहील, ही आशा. एकदा रोध शून्यावर आला. मी निबंध छापला, सत्कार घेतले. चिमटीने सहा वर्षं तोच प्रयोग केला.

"सर, शिस्त मोडतच नाही हो. शून्य येत नाही."

"तुझा हात जड आहे," मी म्हणायचो.

तिची पदवी राहिली. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते.

शून्य आल्यावर साचा उघडला त्याच दिवशी, निबंधाच्या आधी, मी पाहिलं होतं: व्होल्टेज मोजणाऱ्या दोन तारा दाबाने एकमेकींना चिकटल्या होत्या. शून्य येणारच. तेवढं तारखेसह वहीत लिहिलं आणि वही घरी आणली. चिमटीचं बरोबर होतं. मला लाज वाटते, पण इतक्या उशिरा वाटून काय उपयोग? वही तिने हवी तिथे दाखवावी.

४. हे कलम सह्यांच्या आधी वाढवलं. वकिलांनी वरचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा माझे साचे घडवणारा लेथवाला आणि चिमटी हजर होते. साक्षीदार दोन लागतात; ठरलेला दुसरा आलाच नाही. चिमटी म्हणाली, "मी करते सही."

वकील म्हणाले, "अहो बाई, साक्ष करणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. वही जाईल."

"माहितेय. यात लिहिलंय तेवढं पुरे. द्या पेन."

मग वही कोणाला, असं वकिलांनी मला विचारलं. दुसरं नाव सुचलं नाही. म्हणजे ती ताईकडे जाणार, आणि ताई रद्दी वेळेवर देते.

स्थळ: राहतं घर, पलंगाशेजारी
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: (सही) लेथवाला
साक्षीदार २: (सही) चष्म्याच्या दुकानातली कामगार