सातव्या पडद्याची गाठ

बाबा, आज सकाळी मी तुमची गाठ कापली. तुमच्याच कात्रीने, टाके काढायच्या त्या वाकड्या टोकाच्या, जिला आई अजून कोणाला हात लावू देत नाही. शनिवारी इथून जवळच्या एका गावात, चर्चमध्ये आमचा कार्यक्रम आहे, आणि माझ्या व्हायोलचा सातवा पडदा झिजून तिथे तार खरखरत होती. दोन महिने मी चालढकल केली. परवा तालमीत शेजारी वाजवणाऱ्या बाईंनी 'इज देअर अ वास्प इन हिअर?' असं गांधीलमाशी शोधल्यासारखं वर बघत विचारलं, तेव्हा नाइलाज झाला.

व्हायोल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगणारी मी कोण? घरी येणाऱ्या प्रत्येकाला तेच तुम्ही ऐकवायचात. सहा तारा, गुडघ्यांत धरायचं, गजाने वाजवायचं, पडदे सतारीसारखे पण पितळेचे नव्हेत, मानेभोवती बांधलेली मेंढीच्या आतड्याची तात. चारशे वर्षांपूर्वी इथल्या इंग्रजांच्या बऱ्या घरांतून अशा व्हायोलांचा संच पेटीत ठेवलेला असायचा. जेवणं झाली की घरचेच पाच-सहा जण टेबलाभोवती बसायचे. प्रत्येकापुढे फक्त स्वतःच्या सुरांचा कागद, बाकीचे काय वाजवताहेत ते ऐकूनच कळायचं. पुढे व्हायोलिनचा बोलबाला झाला आणि ही वाद्यं माळ्यावर गेली, ती मोजक्या हौशी मंडळींनी दोन-अडीचशे वर्षांनी खाली काढली. हे सगळं तुम्ही पाहुण्यांना चहाबरोबर द्यायचात, आणि आई मागून म्हणायची, 'अहो, त्यांना बिस्किटं तरी घेऊ द्या.'

पण सुरुवातीला तुमचा सूर वेगळा होता. मेडिसिनची ऑफर हातात असताना मी कॉम्प्युटर सायन्स घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात व्हायोलिन बंद करून हे वाद्य, तेव्हा भाड्याने, घरी आणलं. एकाच महिन्यात दोन गुन्हे! 'ग्रेड एटपर्यंत, शेवटच्या परीक्षेपर्यंत व्हायोलिन केलंस, आणि आता हे? या लोकांनी स्वतःच टाकून दिलेलं म्युझिक तू कशाला उचलतेस? आपण काय म्युझियम काढलंय?' एवढं बोललात आणि मग बोलणंच बंद केलंत. एजवेअरच्या त्या घरात तीन आठवडे आई निरोप्याचं काम करत होती. 'सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही,' असं ती म्हणायची, आणि कोणाबद्दल म्हणतेय ते दोघांनाही विचारवत नव्हतं. मला राग होता, पण त्याहून जास्त भीती होती, की आता हे असंच राहणार.

मग तो रविवार. मी किचनच्या टेबलावर व्हायोल आडवं ठेवून बसले आहे. जुने पडदे कुजलेत, आणि बाईंनी, म्हणजे हॅरोच्या माझ्या म्हाताऱ्या व्हायोलच्या बाईंनी, तातेचं भेंडोळं देऊन 'हॅव अ गो युअरसेल्फ' म्हणून घरी पाठवलंय. गाठ बांधते आणि सुटते, बांधते आणि सुटते. आई तव्यावर थालीपीठ लावतेय. तुम्ही ऑन-कॉलहून आलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चहाचा कप घेऊन दारात उभे. बराच वेळ बघता. मग तातेचा एक तुकडा उचलून बोटांत चोळता.

'हे कॅटगट आहे.'

तीन आठवड्यांनंतरचं तुमचं पहिलं वाक्य.

'हो बाबा.'

'याने मी माणसं शिवलीत. आत शिवलं की काही दिवसांत विरघळून जातं. सरक.'

तुम्ही खुर्ची ओढलीत, बॅगेतून सुई धरायचा चिमटा काढलात, आणि थालीपीठ उलटेपर्यंत दोन पडदे बांधून झाले होते. मी नुसती तुमचे हात बघत होते. दोर दोनदा आतून, ताण, मग उलटा फेरा, पुन्हा ताण. सगळे सात झाल्यावर तुम्ही मान उचललीत. 'सर्जन्स नॉट. गॅरंटी देतो, हलणार नाही.' मग एक तुकडा माझ्या हातात दिलात आणि खुर्चीच्या दांडीवर ती गाठ मला पाच वेळा बांधायला लावलीत. थालीपीठ गार झालं, आईने ते पुन्हा तव्यावर टाकलं.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते. मंगळवारी बाईंनी पहिला पडदा अंगठ्याने सरकवून पाहिला. ढिम्म. दुसरा, तिसरा, तेच. त्या हसायला लागल्या. 'ओ माय डिअर, युअर फादर हॅज सेव्ह्ड देअर लाइव्ह्ज.' व्हायोलचा पडदा सरकावाच लागतो, बाबा. सूर नीट लागावा म्हणून तो केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा असतो, म्हणून गाठ धरून ठेवणारी पण हलू देणारी हवी. तुम्ही मात्र पोट शिवल्यासारखे बांधले होते. बाईंनी एकेक कापून आपल्या सरकत्या गाठीने पुन्हा बांधला. सहा कापून झाल्यावर मी सातव्यावर, सगळ्यात शेवटच्या पडद्यावर, हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. 'लीव्ह इट, देन. तिथपर्यंत तू इतक्यात पोचणार नाहीस.'

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, 'काय म्हणाल्या?' मी म्हटलं, 'परफेक्ट आहेत म्हणाल्या.' तुमच्या चेहऱ्यावर जे आलं त्यानंतर खरं सांगणं शक्यच नव्हतं. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला त्या थंडगार चर्चमध्ये तुम्ही कोट न काढता पुढच्या रांगेत बसलात, आणि मध्यंतरात शेजारच्या गृहस्थांना सांगितलंत, 'ऑल द नॉट्स आर माइन.' परतताना गाडीत माझी उलटतपासणी. 'रेकॉर्डिंग नाही, वाजवणारा एकही जिवंत नाही, मग असंच वाजवायचे कशावरून? एव्हिडन्स काय?' मी जुनी पुस्तकं, जुनी चित्रं, वाद्यांवरच्या खुणा, सगळं सांगितलं. 'म्हणजे केस हिस्टरी आहे, पेशंट नाही,' असं म्हणून तुम्ही खूश झालात. मीही झाले. सहा परक्या गाठींवर आपला तह टिकला होता, आणि तुम्ही गेलात तोपर्यंत मी तो मोडला नाही.

ती सातवी गाठ आज कापायला तीन वेळा कात्री चालवावी लागली. खाली लाकडावर एक फिकट रेघ निघाली. मला वाटलं होतं रडू येईल, पण बरं वाटलं. तो तुकडा इतका लहान आहे की आई विचारत होती, 'एवढ्याशासाठी दोन महिने?' तो मी गजाला लावायच्या राळेच्या डबीत ठेवलाय. हे पत्रही व्हायोलच्या पेटीतच राहील, त्या डबीखाली.

मग नवी तात घेतली, कानाने जागा लावली आणि पडदा बांधला. एवढी वर्षं मी बाईंनी शिकवलेली गाठ बांधते, ती हाताला येते. आज हातांनी दुसरीच बांधली. अंगठ्याने सरकवून पाहिला, हलत नाही. आमच्या ग्रुपमधलं कोणीही बघून सांगेल, हा चुकीचा आहे. कात्री समोरच होती. बाबा, मी तो तसाच ठेवलाय.